सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर : पाच काडतुसांचा हिशेब

जानेवारी १८७६. कॅन्सस राज्यातील विचिता गावात पोलीस शिपाई असलेला वायट अर्प रविवारच्या रात्री एका दारूच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत दोघातिघांसोबत बसला होता. त्याचे रिव्हॉल्व्हर कमरेच्या होल्स्टरमधून निसटले, पडताना घोडा खुर्चीवर आपटला आणि बार उडाला. गोळी अर्पच्या कोटातून आरपार गेली, भिंतीवर आदळली आणि छतातून बाहेर पडली. खोलीतली माणसे दाराकडे धावली. कोणालाही इजा झाली नाही, त्यामुळे गावातल्या वृत्तपत्राने ही बातमी काहीशी मिस्कीलपणे छापली. पुढे हाच अर्प अमेरिकेच्या पश्चिमेकडील सर्वांत प्रसिद्ध बंदूकबाज ठरला आणि त्याच्यावर चित्रपटामागून चित्रपट निघाले. त्या रात्रीची चूक मात्र नवशिक्याची होती. त्याने भरलेल्या घरावर घोडा टेकवून ठेवला होता.

आज अमेरिकेत दोन हजार डॉलरहून अधिक मोजून त्याच जातीचे रिव्हॉल्व्हर विकत घेणारे लोक आहेत. स्वसंरक्षणासाठी त्याहून सोयीची आणि निम्म्याहून कमी किमतीची पिस्तुले दुकानोदुकानी मिळत असताना, दीडशे वर्षांपूर्वीच्या रचनेवर एवढा पैसा कशासाठी, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर काही अंशी कारागिरीत आहे, काही अंशी काडतुसाच्या निवडीत आहे आणि उरलेले घेणाऱ्याच्या शिस्तीत आहे.

अंगठ्याचे काम, बोटाचे काम

‘सिंगल ॲक्शन’ या नावातच यंत्राचा स्वभाव आहे. चाप येथे एकच काम करतो, ओढलेला घोडा सोडण्याचे. घोडा मागे खेचणे आणि त्याबरोबर चक्र एका घराने पुढे सरकवणे, हे काम प्रत्येक बारासाठी अंगठ्याने करावे लागते. ‘डबल ॲक्शन’मध्ये चाप ओढला की घोडा उठतो, चक्र फिरते आणि घोडा पडतोही. त्यामुळे तेथे चाप लांब आणि जड असतो, बोटावर चार-पाच किलोचा भार येतो. सिंगल ॲक्शनचा चाप त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शानेही सुटतो आणि त्याचा प्रवास जेमतेम जाणवण्याइतका असतो. वेग गमवायचा आणि नेम कमवायचा, असा हा व्यवहार आहे.

काडतुसे भरण्याची रीतही संथ आहे. चक्राच्या उजव्या अंगाला एक छोटी झडप असते. ती उघडायची, एक काडतूस सरकवायचे, चक्र एक घर फिरवायचे, पुन्हा दुसरे. रिकाम्या पुंगळ्या काढतानाही नळीखालच्या कांडीने एकेक ढकलावी लागते. ज्याला घाई आहे त्याने या वाटेला जाऊच नये.

या यंत्राचा आद्य नमुना म्हणजे कोल्ट कंपनीचे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’. सॅम्युएल कोल्ट याला फिरत्या चक्राच्या बंदुकीचे अमेरिकी पेटंट १८३६ मध्ये मिळाले. मात्र त्याची सुरुवातीची रिव्हॉल्व्हरे ठासणीची होती, म्हणजे प्रत्येक घरात दारू, गोळी आणि मागे टोपी वेगवेगळी बसवावी लागे. पितळी काडतूस मागून भरता येईल असे आरपार छिद्राचे चक्र बनवण्याचा हक्क रोलिन व्हाइट याच्या पेटंटमुळे स्मिथ अँड वेसन कंपनीकडे अडकला होता. ते पेटंट १८६९ मध्ये संपले, आणि १८७३ मध्ये अमेरिकी लष्कराने कोल्टचे नवे रिव्हॉल्व्हर स्वीकारले. सहा घरे, .४५ चे काडतूस आणि घोडदळासाठी साडेसात इंची नळी असे त्याचे स्वरूप होते. १८९२ पर्यंत ते लष्कराचे अधिकृत हत्यार राहिले. सॅम्युएल कोल्ट मात्र ते पाहायला नव्हता, १८६२ मध्येच त्याचे निधन झाले होते.

या रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढताना चार वेळा ‘खट्’ असा आवाज होतो. कोल्टचे भक्त सांगतात की ते यंत्र आपल्या नावाची चार इंग्रजी अक्षरे उच्चारते! भक्तांचे सोडून देऊ, पण त्यातला पहिला आवाज महत्त्वाचा आहे. ती तथाकथित सुरक्षित खाच. तेथे घोडा टोपीपासून जरासा वर अडकून राहतो. ही खाच नाजूक असते. घोड्यावर नेमका फटका बसला तर तिची कड किंवा चापाचे टोक मोडते आणि घोडा थेट टोपीवर जातो. म्हणून जुन्या लोकांनी एक पाठ ठरवला होता : एक भरा, एक घर सोडा, चार भरा, घोडा पूर्ण ओढा आणि अलगद खाली आणा. या क्रमाने भरले की घोडा बरोबर रिकाम्या घरावर येतो. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे. सिनेमातले नायक सहा बार काढतात (कधी कधी नऊही), पण शहाणा मालक पाचच मोजत असे.

१९७३ चा बदल

पहिल्या महायुद्धापर्यंत हे रिव्हॉल्व्हर मागे पडू लागले होते आणि १९४१ च्या सुमारास कोल्टने त्याचे उत्पादन थांबवले. त्याला पुन्हा उभे केले ते दूरचित्रवाणीने. १९५० च्या दशकात घरोघरी काउबॉयच्या मालिका पोहोचल्या, आणि आपल्याकडेही तसे रिव्हॉल्व्हर असावे असे वाटणारी पिढी तयार झाली. बिल रुगर या उद्योजकाने ही मागणी कोल्टच्या आधी ओळखली. १९५३ मध्ये त्याने .२२ चे ‘सिंगल-सिक्स’ आणि १९५५ मध्ये .३५७ मॅग्नमचे ‘ब्लॅकहॉक’ बाजारात आणले. सहज मोडणाऱ्या पट्टीच्या स्प्रिंगांऐवजी त्याने वळ्यांच्या स्प्रिंगा वापरल्या, किंमत आवाक्यात ठेवली. कोल्टला १९५६ मध्ये आपले बंद केलेले उत्पादन पुन्हा सुरू करावे लागले.

मात्र अर्पची चूकही या नव्या पिढीबरोबर परत आली. सहाही घरे भरून रिव्हॉल्व्हर हातातून पडल्याचे अपघात झाले, जायबंदी झालेल्यांनी न्यायालयात दावे लावले. १९७३ मध्ये रुगरने रचना बदलली. घोडा आणि टोपी फोडणारी पिन यांच्यामध्ये एक पोलादी पट्टी आली. चाप पूर्ण ओढलेला असेल तरच ही पट्टी वर येते आणि घोड्याचा आघात पिनपर्यंत पोहोचवते. चाप सुटला की पट्टी खाली जाते आणि घोडा पिनला शिवूच शकत नाही. त्यामुळे सहाही घरे भरून बाळगणे शक्य झाले. १९७३ पूर्वीची रुगर ज्यांच्याकडे आहेत त्यांना कंपनी १९८० च्या दशकापासून ही दुरुस्ती विनामूल्य करून देत आली आहे. बरेच मालक ती करून घेत नाहीत, कारण जुना चाप अधिक मऊ आहे आणि मूळ अवस्थेतील नगाला संग्राहक अधिक किंमत देतात. एका पट्टीपायी जीव धोक्यात घालण्याचा हा हट्ट समजण्यापलीकडचा आहे.

कोल्टच्या मूळ धाटणीच्या रिव्हॉल्व्हरांत आणि त्यांच्या काही इटालियन प्रतिकृतींत ही पट्टी नाही. विकत घेण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हाच.

‘फ्रीडम’ नावाचे गाव

उंची सिंगल ॲक्शनची गोष्ट निघाली की वायोमिंग राज्यातील फ्रीडम या छोट्या वस्तीचे नाव येतेच. हे गाव वायोमिंग आणि आयडाहो यांच्या नेमक्या सीमेवर आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे मॉर्मन पंथाचे लोक वसले. आयडाहोत बहुपत्नीकत्वाच्या गुन्ह्यासाठी धरपकड होई तेव्हा सीमा ओलांडून पलीकडे गेले की सुटका, म्हणून हे नाव पडले असे सांगितले जाते. डोंगरांनी वेढलेल्या, दूधदुभत्यावर जगणाऱ्या या खोऱ्यात १९७८ मध्ये वेन बेकर यांनी ‘फ्रीडम आर्म्स’ हा कारखाना काढला. त्यांच्यासोबत होते डिक कसूल हे युटामधील बंदूक कारागीर. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ते .४५ कोल्टच्या पुंगळीत अधिकाधिक दाब कोंबण्याचे प्रयोग करीत होते. त्यातून .४५४ कसूल हे अतिशय बलवान काडतूस जन्मले, आणि ते सहन करणारे पाच घरांचे रिव्हॉल्व्हर कारखान्याने १९८३ मध्ये विक्रीस आणले.

त्याच कारखान्याने १९९७ मध्ये ‘मॉडेल ९७’ हे लहान चणीचे भावंड काढले. ते आकाराने कोल्टच्या मूळ रिव्हॉल्व्हरच्या जवळपास, वजनाने किलोभराच्या आसपास. आधी ते .३५७ मॅग्नममध्ये, सहा घरांचे आले, पुढे.४५ कोल्ट, .४१ मॅग्नम, .४४ स्पेशल अशी जाड काडतुसे आली, त्यांना घरे पाच. घोडा आणि पिनमधली पट्टी त्यात आहे. जगातील सर्वांत दांडग्या रिव्हॉल्व्हरांपैकी एक बनवणाऱ्याने मध्यम काडतुसासाठी वेगळा सांगाडा घडवावा, ही घटनाच बोलकी आहे. मोठ्या रिव्हॉल्व्हरचे कौतुक सगळे करीत, पण रोज हाती घ्यायला लोकांना दुसरेच काही हवे होते.

पैसा जातो कुठे

रिव्हॉल्व्हरचा जन्मजात दोष असा की त्याची नळी एक आणि घरे अनेक. पिस्तूल किंवा रायफल यांत गोळीचा मार्ग एकसंध असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी चक्रातून निघते, केसाएवढी फट ओलांडते आणि मग नळीत शिरते. सहापैकी प्रत्येक घर नळीच्या अगदी समोर यायला हवे. नेहमीच्या उत्पादनात चक्राची छिद्रे वेगळ्या यंत्रावर पाडतात, चक्र थांबवणाऱ्या खाचा वेगळ्या पाडतात आणि सांगाडा तिसरीकडे तयार होतो. सारे जुळवल्यावर काही घरे किंचित डावी-उजवी राहतात. गोळी सांभाळून घेण्यासाठी नळीच्या मागच्या तोंडाला नरसाळ्यासारखा उतार दिलेला असतो. चूक फार असेल तर गोळीच्या कडेचे शिसे तासले जाते आणि फटीतून बाजूला उडते.

फ्रीडम आर्म्समध्ये चक्र आधी सांगाड्यात बसवतात, खटक्याने जागच्या जागी रोखतात आणि मग नळीच्या रेषेतून एकेक घर पाडतात. म्हणजे प्रत्येक घर ज्या जागी थांबणार, त्याच जागी ते नळीच्या समोर घडते. साहजिकच ते चक्र त्या एकाच सांगाड्याचे असते, दुसऱ्यात घातले तर सारा हिशेब बिघडतो. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरसाठी दुसऱ्या काडतुसाचे जादा चक्र हवे असेल तर ते त्याच नगाला बसवून घडवावे लागते. सांधे हाताने जुळवलेले, स्क्रूची डोकी सपाट, चक्र हलवून पाहिले तर खडखड नाही. कामाचे तास वाढतात आणि किंमतही. गेल्या दशकातच नव्या नगाने दोन हजार डॉलरचा आकडा ओलांडला. रुपयांत ही रक्कम दीड लाखाहून अधिक होते. रुगरचे ब्लॅकहॉक साधारण त्याच्या निम्म्याहून कमीत मिळते.

फरक दिसतो का? टेकणीवर, वाळूच्या पिशवीवर हात ठेवून मारले तर दिसतो. २५ यार्डांवर, म्हणजे सुमारे २३ मीटरवर, असे रिव्हॉल्व्हर निवडक काडतुसांनी इंचभराच्या वर्तुळात गोळ्या जमवते. परंतु उभे राहून, हात लांब करून मारणाऱ्या बहुतेकांचा स्वतःचाच थरकाप त्याहून मोठा असतो. मालकाला या महाग यंत्रातून खरोखर मिळते ते एवढेच की, गोळी चुकली तर दोष कोणाचा याविषयी शंका राहत नाही. काहींना ते हवे असते, काहींना मुळीच नको असते.

घट्ट जुळणीची दुसरी बाजूही आहे. पुंगळीच्या बुडात टोपी किंचित वर राहिली असेल तर सैल यंत्र ती खपवून घेते, हे अडून बसते. शेसव्वाशे बारांनंतर दारूची काजळी साचली की चक्र जड फिरू लागते. असे हत्यार स्वच्छतेच्या बाबतीत हट्टी असते.

मध्यम म्हणजे किती

काडतुसांच्या बाबतीत ‘मध्यम’ हा शब्द सापेक्ष आहे. .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आले तेव्हा ते जगातले सर्वांत बलवान रिव्हॉल्व्हर-काडतूस म्हणून विकले गेले. १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम आले आणि वीस वर्षांतच .३५७ मध्यम झाले. आज त्याच्या ठरावीक काडतुसात सुमारे १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ३७५ मीटरच्या आसपास वेगाने निघते. .४५ कोल्टची मूळ धाटणीची गोळी जाड आणि संथ : साडेसोळा ग्रॅम, वेग सुमारे २६० मीटर. .४५४ कसूलची १९ ग्रॅमहून जड गोळी ४९० मीटरपर्यंत पोहोचते. याचा हातावरचा परिणाम समजायला एक ढोबळ हिशेब पुरे. कसूलचे रिव्हॉल्व्हर अधिक जड असूनही त्याच्या धक्क्याची ऊर्जा .३५७ च्या सुमारे चौपट भरते.

.३५७ ची खरी खुबी त्याच्या धाकट्या भावात आहे. .३८ स्पेशलच्या गोळीचा व्यासही .३५७ इंचच असतो (.३८ हे नाव ऐतिहासिक गोंधळाचे फळ आहे). मॅग्नमची पुंगळी मुद्दाम सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब ठेवली गेली, जेणेकरून ती जुन्या, कमकुवत .३८ मध्ये पूर्ण शिरू नये. उलट .३८ मात्र .३५७ च्या घरात निर्धोक बसते. त्यामुळे एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये सरावाला सौम्य काडतूस आणि गरजेला दमदार, अशी सोय झाली.

या प्रश्नावर अमेरिकी बंदूकलेखकांत वर्षानुवर्षे वाद झाले. आयडाहोचे एल्मर कीथ आधी .४४ स्पेशलचे पुरस्कर्ते होते आणि पुढे .४४ मॅग्नम जन्माला घालण्यासाठी त्यांनीच कंपन्यांच्या मागे लकडा लावला. त्यांच्या पुढच्या पिढीतील टेक्सासचे स्कीटर स्केल्टन मॅग्नमचा अनुभव घेऊनही .४४ स्पेशलच्या संयमाकडे परतले आणि आपल्या लेखांतून त्यांनी त्या मागे पडलेल्या काडतुसाला पुन्हा गिऱ्हाईक मिळवून दिले. स्केल्टन यांची बाजू अधिक पटणारी आहे. धक्का मोठा असला की शरीर त्याची आधीच धास्ती घेते. चाप सुटण्याच्या क्षणी डोळे मिटतात, मनगट खाली झुकते. ही सवय एकदा लागली की ती सोडवायला महिने जातात, आणि सौम्य काडतूस हाती घेतले तरी ती लगेच जात नाही. हे पडताळायची जुनी युक्ती म्हणजे सोबत्याने न सांगता एखाद्या घरात रिकामी पुंगळी ठेवावी. घोडा ‘खट्’ करून पडतो, बार होत नाही आणि तरी नळी खाली झुकते. बघणारे हसतात. मारणाऱ्याला मात्र आपला रोग कळतो.

शिकारीचा प्रश्न वेगळा. अमेरिकेत रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार अनेक राज्यांत कायदेशीर आहे. तेथे .३५७ ला मर्यादा आहेत. जनावर पन्नास मीटरच्या आतबाहेर असावे आणि मारणाऱ्याला खात्री असावी, नाहीतर ते जखमी होऊन झाडीत मरते. भारतात अर्थातच हा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटवला आहे.

मूठ, माशी आणि उरलेला क्षण

कोल्टच्या मुठीचा बाक नांगराच्या रुमण्यासारखा आहे, इंग्रजीतही त्याला तेच नाव आहे. हा आकार धक्का छातीकडे ढकलत नाही, रिव्हॉल्व्हर हातातच वर गरगळते. पिस्तुलाची सवय असलेला माणूस मूठ आवळून हे थांबवू पाहतो आणि त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी फोड येतात. मूठ घट्ट, पण मनगट मोकळे ठेवावे, नळी वर उठू द्यावी. उठलेल्या स्थितीत घोडा आपोआप अंगठ्याखाली येतो, तो ओढत नळी पुन्हा निशाणावर आणायची. करंगळी मुठीवर मावत नसेल तर ती तळाशी घ्यावी.

घोडा जड आहे आणि त्याचा पडण्याचा कंस लांब. चाप सुटल्यापासून टोपी फुटेपर्यंतचा काळ आधुनिक पिस्तुलापेक्षा अधिक असतो. डोळ्याला तो जाणवत नाही, कागदावर दिसतो. म्हणून चाप सुटल्यावरही माशीवरची नजर हलवायची नाही. नवशिक्यांच्या निम्म्या गोळ्या या क्षणात वाया जातात.

पक्क्या माशीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नेम जुळवायला कानस लागते. माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते, त्यामुळे गोळ्या खाली लागतात. माशी घासत गेले की त्या वर चढतात. एकदा जास्त घासली की परत येत नाही, म्हणून आधी एकच काडतूस निवडावे आणि मगच कानस हाती घ्यावी. जड गोळी नळीत अधिक वेळ राहते, तेवढ्यात नळी वर उठते आणि गोळी वर लागते. काडतूस बदलले की नेम बदलला.

आणि कान. .३५७ मॅग्नमच्या बाराचा आवाज १६० डेसिबलच्या पुढे जातो. १४० डेसिबलला श्रवणशक्तीला तत्क्षणी इजा होऊ शकते. कापसाचे बोळे काही कामाचे नाहीत. कानात बुच आणि वर कर्णरक्षक, दोन्ही लागतात. डोळ्यांना चष्मा हवा. चक्र आणि नळीमधल्या फटीजवळ बोट कधीही नेऊ नये, तेथून बाजूला येणारा तप्त वायू कातडे फाडतो.

घरी भरलेली काडतुसे

सरावाचा खर्च काडतुसांवर होतो, रिव्हॉल्व्हरवर नाही. म्हणून अनेक मालक रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवतात आणि घरच्या दाबयंत्रावर त्या पुन्हा भरतात. नवी टोपी, मोजून दारू, वर गोळी. काम सोपे दिसते. पण .३८ ची पुंगळी मुळात काळ्या दारूच्या जमान्यातली, आतून ऐसपैस आहे. आजची शीघ्र दारू त्यात तीन-चार ग्रेन पुरते, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास. लक्ष विचलित होऊन दुहेरी माप पडले तरी पुंगळी ओसंडत नाही. वरून बघून कळतही नाही. बार काढल्यावर मात्र कळते. चक्राचा वरचा भाग आणि सांगाड्याचा माथा उडतो. उंची पोलाद थोडे अधिक सोसते, पण त्यावर विसंबून कोणी वजनकाटा बाजूला ठेवू नये.

याच्या नेमकी उलट चूक म्हणजे दारू भरायचीच राहणे. तेव्हा नुसती टोपी गोळीला नळीत ढकलते आणि ती मध्येच अडकते. आवाज ‘फुस्’ असा दबका येतो. अशा वेळी पुढचा बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते. आवाज कमी आला की थांबावे, रिव्हॉल्व्हर रिकामे करावे, नळीतून गज घालून पाहावे. भर सरावात हात थांबवणे कठीण जाते, आणि खराब झालेल्या कित्येक नळ्यांचे मूळ तेथेच असते.

कुलूप आणि कायदा

अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्याने परवानाधारक विक्रेता २१ वर्षांखालील व्यक्तीला हातबंदूक विकू शकत नाही, आणि १९९८ पासून विक्रीच्या वेळी खरेदीदाराची पूर्वनोंद संगणकावर तपासली जाते. त्यापुढचे नियम राज्यागणिक बदलतात. वायोमिंगमध्ये ते सैल आहेत, न्यूयॉर्कमध्ये परवान्याशिवाय हातबंदूक बाळगता येत नाही. घरातील साठवणीकडे मात्र कायद्यापेक्षा मालकानेच अधिक पाहावे लागते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे विक्रेत्याच्या पत्रकात लिहिलेले नसते. रिव्हॉल्व्हर पोलादी कपाटात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. घरात कोणी खचलेल्या मनःस्थितीत असेल तर काही महिने ते घराबाहेरच ठेवावे.

भारतातील वाचकासाठी हे सारे बहुतांशी ऐकण्यापुरतेच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळाला तरी लष्कर-पोलिसांच्या मापाची शस्त्रे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. म्हणूनच येथे रिव्हॉल्व्हर म्हटले की ३२ बोअर हे समीकरण झाले आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यांनी त्याच मापाची रिव्हॉल्व्हरे घडवली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगायच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाने तेथे असे रिव्हॉल्व्हर घेतले तर परत येताना ते सामानात टाकून आणता येत नाही, हे त्याने खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावे.

जुना नग घेताना

उंची सिंगल ॲक्शनला जुन्या बाजारात चांगली किंमत टिकते, त्यामुळे वापरलेला नग घेणे तोट्याचे नाही. पण आधी तो रिकामा असल्याची खात्री प्रत्येक घर बोटाने चाचपून करावी. घोडा ओढलेला असताना चक्र दोन्ही बाजूंना हलवून पाहावे, नंतर पुढेमागे ओढून पाहावे. घोडा सावकाश ओढला तरी चक्र प्रत्येक घरावर खटक्यात बसायला हवे. ते अर्ध्यावर राहत असेल तर आधीच्या मालकाने सिनेमा पाहून तळहाताने घोडा मारत बार काढले असण्याची शक्यता आहे. चक्रावर कोरलेला क्रमांक सांगाड्याच्या क्रमांकाशी जुळतो का, तेही पाहावे. शेवटी नळीकडे नाही, घरांमध्ये दिव्याने बघावे. आधीच्या मालकाने बराच काळ केवळ .३८ वापरले असेल तर आखूड पुंगळीच्या तोंडापुढे शिसे आणि काजळीचे कडे साचलेले असते. मग लांब मॅग्नम शेवटपर्यंत शिरत नाही. ती अंगठ्याने दाबून बसवली तर बारानंतर पुंगळी चिकटते, दाबही वाढतो. कडे कांस्याच्या कुंच्याने आणि तेलाने निघते, त्याला तासभर लागतो. त्यासाठी किमतीत सूट मागायला हरकत नाही.